डावा कोपरा

फोटो काढायचा नाही, पण कॅमेरा मात्र पाहिजे, असं गिऱ्हाईक दुकानदाराला जन्मात एखादंच भेटत असेल. त्या दुपारी ते त्याच्या समोर उभं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. काचेच्या कपाटातले खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे तो एकामागून एक काढून मांडत होता आणि प्रत्येकाचं कौतुक पोटच्या पोरासारखं करत होता.

"हा बघा. इथून झूम केलं ना, तर समोरच्या गच्चीवरचं कबूतर दिसेल. कबुतराचा डोळा दिसेल!"

"कबूतर नको मला," गिऱ्हाईक म्हणालं. "लांबचं काही नकोच. रुंद पाहिजे."

"रुंद म्हणजे वाइड. मग हा आहे की, अठ्ठावीसच्या भिंगाचा. आकडा जेवढा लहान, तेवढं रुंद दिसतं."

गिऱ्हाइकाने खिशातून पुठ्ठ्याचा एक त्रिकोण काढून काउंटरवर ठेवला. त्याच्या टोकावर कॅमेरा धरला. त्रिकोणाच्या दोन बाजू जिकडे जात होत्या तिकडे, म्हणजे डावीकडच्या पंख्याकडे आणि उजवीकडच्या दाराकडे, मान पुरती वळवून पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. दार आलं होतं, पंखा अर्धाच आला होता.

"पुरत नाही," असं म्हणून त्याने कॅमेरा परत केला.

दुकानदाराने त्याच्याबरोबर आलेल्या तरुणाकडे पाहिलं. तो गिऱ्हाइकाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. कॅमेऱ्यातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची खात्री होती आणि ती त्याने दुकानात शिरता शिरताच सगळ्यांना सांगून टाकली होती.

"दाजी, अहो, घरात माणसं तीन," मेहुणा म्हणाला. "फोटो काढणार तुम्ही, म्हणजे उरल्या दोघी. ताई आणि तुमची लेक. त्या दोघींसाठी एवढा रुंद कॅमेरा? आमची ताई काही एवढी जाड झालेली नाही हां!"

दुकानदार खो खो हसला. दाजीही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि पुठ्ठ्याच्या कडेवरून त्यांचा अंगठा उगाचच फिरत होता. कॅमेरा आज मिळाला नाही तर उद्या कामावर कसं बसायचं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

कारण हे दाजी म्हणजे पोहण्याच्या तलावावरचे घारमामा. तलाव काचेच्या छपराखालचा, सार्वजनिक, कधी रिकामा नसलेला. त्याच्या उथळ टोकाला, काठापासून थोडी मागे, भिंतीला टेकून जीवरक्षकाची उंच खुर्ची होती आणि त्या खुर्चीत मामा लग्नाआधीपासून बसत आले होते. आधी ते पंपघरात गाळण्या धुवायचे. एकदा कुणीतरी बुडायला लागलं आणि खुर्चीवरच्या माणसाच्या आधी पंपघरातून धावत आलेल्या या पोराने उडी घेतली, तेव्हापासून खुर्ची त्यांच्याकडे आली. त्यांच्या राज्यात तलावाने एकही माणूस गिळला नव्हता. पलीकडच्या टोकाला कोणी नाकात पाणी जाऊन ठसकलं तरी शिट्टी वाजायची. पोरं म्हणायची, मामांची घारीची नजर आहे, आणि तेच नाव चिकटलं. नवीन शिकवणाऱ्यांना मामा पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत: "बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. जिथे आवाज थांबला तिथे बघायचं."

आणि आता घारीलाच दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. समोरचं, लांबचं लख्ख दिसायचं. पलीकडच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा खुर्चीतून दिसायचा. पण शेजारी ठेवलेली बादली दिसायची नाही आणि मामा तिला लाथ मारून जायचे. बायकोने बाजूने चहाचा पेला पुढे केला की तो तसाच तिच्या हातात राहायचा. "रुसलात की काय?" ती विचारायची आणि मग स्वतःच रुसायची. एकदा पोरांचा चेंडू येऊन कानावर बसला. पोरं "सॉरी मामा" म्हणाली, मामांनी हसून चेंडू परत फेकला. पण तो येताना त्यांना दिसलाच नव्हता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, अशा ठिकाणी जाऊन त्यांनी डोळ्यांची डॉक्टरीण गाठली. तिने एका यंत्रात डोकं ठेवायला लावून ठिपके दाखवले. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मामा वाट पाहत बसले आणि ठिपके येऊन येऊन गेले.

"मधली नजर उत्तम आहे," डॉक्टरीण म्हणाली. "कडा गेल्यात. डावीकडच्या जास्त. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायला थेंब देते. काम काय करता?"

"तिकीट खिडकीवर बसतो," मामा म्हणाले. खोटं इतकं पटकन तोंडातून निघालं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

तलावावर दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची, पण ती भिंतीवरच्या अक्षरांची. मामा शेवटची ओळ घडाघडा वाचायचे आणि तपासणारा पाठ थोपटायचा. त्यामुळे बोलायचं की नाही हे सगळं त्यांच्यावरच होतं, आणि ते बोलत नव्हते. डोळ्यांत तेल घालून राखण करणारा माणूस गपचूप डोळ्यांत थेंब घालून राखण करत होता. त्यांना भीती नोकरीची होतीच, पण त्याहून मोठी भीती ती खुर्ची सोडून खाली उतरल्यावर आपण कोण उरतो याची होती. मी त्यांची बाजू घेत नाही. ज्या पोरांचा जीव त्यांच्या हातात होता, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मान डावीकडे वळवली की डावा कोपरा दिसायचा, पण मग उजवा जायचा. उजवीकडे वळवली की डावा. दिवसभर मान फिरवून फिरवून मामांच्या नाकी नऊ यायचे. तशात मेहुण्याच्या घरी एकदा सगळे जमले असताना त्याने आपला कॅमेरा समोर धरला आणि म्हणाला, "बघा दाजी, अख्खी खोली आली." मामांनी त्या छोट्या पडद्यात पाहिलं. खोली होती, दार होतं, आणि डावीकडे खुर्चीत मेहुण्याची सासू बसली होती. इतका वेळ त्यांच्या अगदी शेजारी बसली होती आणि ती खोलीत आहे हेच मामांना ठाऊक नव्हतं. सगळी खोली तळहाताएवढी होऊन त्यांच्या उरलेल्या नजरेत मावली होती. त्या क्षणी मामांना झालेला आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तलाव बंद झाल्यावर त्यांनी खुर्चीला दोऱ्या बांधल्या, जवळच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत ताणल्या आणि मधला कोन पुठ्ठ्यावर उतरवून कापून घेतला. तोच पुठ्ठा आता दुकानात काउंटरवर होता.

"हा शेवटचा," दुकानदार कंटाळून म्हणाला. "चोवीसचा. यापेक्षा रुंद या आकारात माझ्याकडे नाही. झूम मात्र अगदीच मामुली आहे."

मामांनी कॅमेरा पुठ्ठ्याच्या टोकावर धरला. पंखा आला. दार आलं. पंख्याच्या पलीकडची थोडी भिंतसुद्धा आली. कडेच्या वस्तू जरा ताणल्यासारख्या दिसत होत्या, पण दिसत होत्या.

"पडदा आपोआप बंद होतो का?"

"होतो. बॅटरी वाचते ना."

"तो बंद झालेला चालणार नाही."

दुकानदाराने कुठेतरी आत जाऊन ती सोय बंद करून दाखवली. पडद्यावरची बारीक चिन्हंही मामांनी एका बटणाने घालवून घेतली. चित्राशिवाय काही नको, म्हणाले. मेहुण्याने डोक्याला हात लावला. "दाजी, चांगला झूमवाला सोडून हा घेताय. नंतर मला म्हणू नका." मामांनी कॅमेरा घेतला. जादा बॅटरी दुकानात नव्हती, मागवावी लागेल, असं दुकानदार म्हणाला.

खुर्चीच्या हाताला औषधपेटीची लाकडी फळी होती. मामांनी तिच्यावर कॅमेरा ठेवला, काचेच्या छपरातून येणारा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून वर टॉवेलचा तंबू केला, भिंग तेवढं बाहेर ठेवलं, आणि कॅमेऱ्याची दोरी फळीच्या खिळ्याला अडकवली. बघणाऱ्याला वाटावं, टॉवेल वाळत घातलाय. आत सगळा तलाव होता, दोन्ही कोपऱ्यांसकट. लांबचं डोळ्याने, जवळचं पडद्यात, असं सुरू झालं. डाव्या पायरीवर घसरलेलं एक पोर मामांनी पडद्यात पाहून पकडलंसुद्धा. त्या दिवशी घरी जाताना ते शीळ घालत गेले. पण आपण मोठ्या खड्ड्यावर पुठ्ठा टाकून वर उभे आहोत, हेही त्यांना कळत होतं, आणि हल्ली त्यांना जेवण जात नव्हतं.

बॅटरी ते रोज सकाळी चार्जरला लावत. दिवा पेटला म्हणजे भरतेय, विझला म्हणजे भरली, असं मेहुण्याने सांगितलं होतं. त्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना बायकोला इस्त्री करायची होती. तिने चार्जर काढून इस्त्री लावली, मग चार्जर परत लावला आणि बटण दाबायचं विसरली. मामा आले, दिवा विझलेला पाहिला आणि बॅटरी काढून खिशात टाकली. बटण बोर्डाच्या डाव्या अंगाला होतं.

दुपारची तुकडी मुलींची होती. उथळ भागात नुसता कल्ला. पोहणं शिकवणारी ताई उजवीकडे एका रांगेला पाय मारायला शिकवत होती. आया बाकांवर बसून गप्पा मारत होत्या. मामांची नजर पलीकडच्या टोकाला, मग पडद्याकडे, पुन्हा पलीकडे, अशी चालली होती.

पडद्यावर डावीकडे खाली एक लाल चिन्ह उमटलं आणि उघडझाप करू लागलं. बॅटरीचं. चिन्हं घालवली तरी बॅटरी संपत आली की ते आपणहून येतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मामांना संताप आला. सकाळीच तर भरली होती! आता तुकडी संपेपर्यंत पुरेल का? पुरली नाही तर काय कारण सांगून खाली उतरायचं? असा सगळा विचार करून झाला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते चिन्ह नेमकं डाव्या कोपऱ्यावर होतं. त्याच्या खाली काय आहे?

डावीकडून मघाशी एक मुलगी गाणं म्हणत होती. ते गाणं थांबलं होतं.

मामांनी मान वळवली. कोपऱ्यात पायरीच्या कठड्याजवळ पाण्याखाली पिवळी टोपी होती आणि ती हलत नव्हती. पुढचं काही त्यांनी ठरवून केलं नाही. उडी, पाणी, हात. पोरीच्या पोहण्याच्या कपड्याचा पट्टा कठड्याच्या वाकलेल्या खिळ्यात अडकला होता. पट्टा तुटला. मामांनी तिला काठावर घातलं, मान मागे केली, तोंडाने श्वास दिला. आजूबाजूला कोणीतरी किंचाळत होतं. पुन्हा श्वास. पोरीचा चेहरा शिशासारखा झाला होता. पुन्हा. आणि मग तिला जोराचा ठसका लागला, तोंडातून पाणी आलं, आणि ती अशी काही रडायला लागली की सगळ्या आयाही तिच्याबरोबर रडायला लागल्या.

तिची आई खाली बसून मामांचे ओले हात धरून म्हणत होती, "मामा, तुम्ही होतात म्हणून. दुसऱ्या कुणाला दिसली नसती हो. तुमच्या नजरेमुळे वाचली माझी पोर."

आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "हे काय आहे?"

उडी मारताना टॉवेल ओढला गेला होता. कॅमेरा दोरीला लटकत, भिंग तलावाकडे करून झोके घेत होता. बाकावरची एक बाई त्याच्याकडे बोट दाखवत होती. "कॅमेरा! मुलींच्या तुकडीला कॅमेरा लावून बसलाय हा माणूस!"

हात धरून बसलेल्या आईने हात सोडले. शिकवणाऱ्या ताईने पोरींना पाण्याबाहेर काढलं आणि टॉवेल गुंडाळायला लावले. मामा काठावर तसेच गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांना कुठल्याच बाजूला काही दिसत नव्हतं, समोर फक्त पायांची एक रांग दिसत होती.

मॅनेजरबाई आल्या. बाई कडक, पण तोंड सोडणाऱ्या नव्हेत. कॅमेरा चालू होईना, बॅटरी संपली होती. त्यांनी त्यातलं कार्ड काढलं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावलं. मागे दाटीवाटीने आया उभ्या राहिल्या. मामा दारात, अंगावरून पाणी निथळत. कॉम्प्युटर जुना, घुरघुर करत विचार करत बसला. बोट दाखवणारी बाई मामांकडे पाहत होती, आणि तसं मामांकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर एक पांढरी चौकट उघडली. रिकामी.

मॅनेजरबाईंनी पुन्हा पाहिलं, आणखी कुठे कुठे जाऊन पाहिलं. "एकही फोटो नाही," त्या म्हणाल्या. "कॅमेरा घेतल्यापासून एकदासुद्धा बटण दाबलेलं नाही यांनी."

"पुसून टाकले असतील," बाकावरची बाई म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

"कधी पुसणार? ते पाण्यात होते," पोरीची आई म्हणाली. "माझ्या पोरीला श्वास देत होते." आणि ती पुन्हा रडायला लागली.

मग हळूहळू सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कोणी खुर्ची दिली, कोणी कोरडा टॉवेल. "नवा दिसतोय कॅमेरा," मॅनेजरबाई जरा हसून म्हणाल्या. "शिकत होतात की काय, मामा? अहो, पण इथे कशाला आणायचा? गैरसमज होतो. घरी ठेवा आता." त्यांनी कॅमेरा मामांच्या हातात दिला. काही सांगावं लागलंच नाही. खोटं त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच बोलून टाकलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. बाकावरच्या बाईनेसुद्धा मान खाली घालून माफी मागितली.

"चला, तुकडीची वेळ उरलीय," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तो खिळा आधी काढून घेते. मामा, बसाल ना?"

मामा खुर्चीवर चढले. फळी रिकामी होती. पोरी पुन्हा पाण्यात उतरल्या, आधी भीत भीत, मग नेहमीसारख्या कल्ला करत. मामांच्या समोर पलीकडचं घड्याळ होतं, लख्ख. पिवळ्या टोपीवाली आईच्या मांडीवर टॉवेलात बसून त्यांच्याकडे पाहत होती. तिने हात हलवला. मामांनीही हलवला. मग त्यांनी डावीकडे मान वळवली, कोपऱ्यात तीन पोरी होत्या. उजवीकडे वळवली. पुन्हा डावीकडे येईपर्यंत दोनच होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरी पायरीवर बसून टोपी नीट करत होती.

मामांनी शिट्टी तोंडात धरली आणि लांबलचक वाजवली, सगळ्यांनी बाहेर या, अशी. तशी शिट्टी ते दिवसाच्या शेवटीच वाजवत. पोरी कुरकुरत काठावर चढल्या, आया उठून उभ्या राहिल्या, मॅनेजरबाई धावत आल्या.

"आता काय झालं, मामा?"

मामा खुर्चीवरून उतरले, एकेक पायरी चाचपत. खाली येऊन त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून शिकवणाऱ्या ताईच्या हातात दिली.

"तलाव रिकामा झालाय का, तेवढं तू बघ, बाळा," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "डावा कोपरा नीट बघ. मला तो दिसत नाही."